आठवी ब ची हजेरी

आमच्या शाळेत मुलं हजेरीला घाबरायची, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी दांड्या मारणाऱ्या मुलांबद्दल बोलतेय. तसं नाही. जी वेळेवर आलेली असायची, डोक्याला तेल लावून, गृहपाठ करून पुढच्या बाकावर बसलेली असायची, तीच घाबरायची. सरांनी आयुष्यात कधी छडी हातात धरली नाही, तेव्हा माराची भीती नव्हती. भीती एवढीच, की आज सर आपलं नाव घेणार नाहीत.

सर भूगोल शिकवायचे आणि आठवी ब चे वर्गशिक्षक होते. मुख्याध्यापक बदलले, शाळेचा रंग बदलला, सरांचा वर्ग बदलला नाही. महाडच्या आमच्या शाळेत पोलादपूरच्या वरच्या गावांतून आणि सावित्रीच्या काठच्या वाड्यांमधून जी मुलं येतात ती बहुतेक आठवीत येतात, कारण गावातली शाळा सातवीला संपते. ही सगळी ब मध्ये. अ मध्ये महाडातल्या डॉक्टर-वकिलांची, दुकानदारांची आणि आम्हा शिक्षकांची मुलं. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो.

सर उंच, किंचित पुढे झुकलेले. मे महिन्यातही शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली. चहा बशीत ओतून, शिक्षकांच्या खोलीतल्या जगाच्या नकाशाकडे तोंड करून उभ्याने प्यायचे. आमच्यातल्या कुणी विनोद केला तर बशी खाली ठेवून, वळून, तो पुन्हा सांगायला लावायचे आणि मग हसायचे नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. गावाबाहेर धाकट्या बहिणीच्या घरात वरच्या खोलीत राहत.

पहिल्या तासाला ते हजेरीचा कॅटलॉग उघडून नावं घ्यायचे. आवाज इतका हलका की पोरं श्वास धरून बसत. वर्षातून दोन-तीनदा असं व्हायचं, की एक नाव यायचंच नाही. मूल समोर बसलेलं. सर त्याच्याकडे बघायचे, त्याच्या रकान्यात हजेरीची खूणही करायचे, पण नाव तोंडातून निघायचं नाही, थेट पुढचं नाव यायचं. मग ते पोर अर्धवट उठून म्हणायचं, सर, माझं राहिलं. सर म्हणायचे, "राहिलं का?" आणि थोडा वेळ त्याला न्याहाळत राहायचे. वर्गात कुणी हलत नसे. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी एसटी तेवढी ऐकू यायची.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात ते मूल शाळा सोडायचं. कुणी मुंबईला चुलत्याच्या गाळ्यावर, कुणी कुणाच्या म्हशी सांभाळायला, एखाद्या मुलीचं लग्न ठरायचं. मी नोकरीला लागले त्या वर्षी हे मला मोठ्या शिक्षकांनी हळू आवाजात सांगितलं, तेव्हा मी तोंडावर हसले होते. मी गणिताची. असल्या गोष्टींची मला चीड येते. सर रविवारी एसटीने वरच्या गावांत हिंडतात, बाजारात पालकांशी बोलतात, त्यांना घरची परिस्थिती आधी कळते, यात चमत्कार कसला, असं मी सगळ्यांना ऐकवलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

मग पुढच्या वर्षी तुडीलकडच्या एका मुलाचं नाव सोमवारी आलं नाही. घर बरं, शेती बरी, बाप धडधाकट. मी त्या मुलाला मुद्दाम फळ्यावर बोलावून गणित सोडवायला लावलं आणि वर्गाला म्हटलं, बघा, हा कुठे जात नाही. गुरुवारी त्याच्या बापाला गवतात साप चावला. शनिवारी मुलगा दाखला न्यायला काकाबरोबर आला, तेव्हा मी वर्गातून बाहेर आले नाही. याचा हिशेब माझ्याकडे आजही नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, तुम्हाला कळतं कसं? सर बशीतला चहा संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मला काही कळत नाही, बाई. त्या नावाशी आलो की आवाज फुटत नाही. एवढंच."

त्यांचा दुसरा नाद म्हणजे तो कागद. आलेखाच्या कागदाचे चार तुकडे चिकटवून केलेला, नकाशाच्या बाजूला खिळ्याला लटकवलेला. त्यावर टिंबं. प्रत्येक टिंब म्हणजे एक देश. ज्या देशात शिक्षण जितकं असमान वाटलं गेलंय, तितकं टिंब उजवीकडे. मिळकत जितकी असमान वाटली गेलीय, तितकं वर. कार्यालयातल्या संगणकावर शाळा सुटल्यावर बसून ते कुठल्या कुठल्या अहवालांतून आकडे काढायचे आणि दरवर्षी टिंबं खोडून नवी काढायचे. उत्तर युरोपातले देश खाली डाव्या कोपऱ्यात दाटीने बसलेले, आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले काही वर उजवीकडे. लांबून बघितलं तर भिंतीवर मुंग्यांची रांग तिरकी चढतेय असं वाटायचं.

"देश म्हणजे एक मोठा वर्ग," सर म्हणायचे. "त्यात कोण किती शिकलं एवढं मला सांगा, कोण कुणाच्या दारात कामाला उभा राहील ते मी सांगतो." पोलादपूर तालुक्याचं टिंबही ते पेन्सिलने काढायचे. जरा वेळ बघून खोडायचे. कागदाला तिथे भोक पडायची वेळ आली होती.

रांगेत न बसणारी काही टिंबं होती. तिथे शाळा बऱ्यापैकी सगळ्यांना मिळालेली, मुलं वर्गात गेलेली, दाखल्यांवर इयत्ता लागलेल्या, आणि तरी मिळकतीतलं अंतर होतं तिथेच. ही टिंबं सरांना छळायची. मी म्हटलं, नियमाला अपवाद असतातच, सोडून द्या. ते एका टिंबावर बोट ठेवून म्हणाले, "अपवाद नाही. शाळा आणि पगार यांच्या मधे इथे कुणीतरी उभं आहे. दिसत नाही, पण आहे." भर दुपार, बाहेर मुलांचा गोंगाट, आणि माझ्या अंगावर काटा आला. मला स्वतःचाच राग आला आणि मी वह्या तपासायला घेतल्या.

संध्याकाळी ते चवदार तळ्यावर जाऊन पायरीवर बसत. मार्चात तिथे गर्दी लोटते, त्या दिवसांत मात्र फिरकत नसत. एकदा मंडईतून येताना मी त्यांना पाहिलं आणि हाक मारायला जवळ गेले. ते पाण्याकडे बघून नावं घेत होते. तीच हलकी चाल. एक नाव, मग थोडं थांबायचं, मग दुसरं. त्यातली दोन-तीन नावं माझ्या ओळखीची निघाली. वर्गात ज्यांची घेतली नव्हती, ती नावं ते इथे घेत होते, आणि प्रत्येकाच्या मागे उत्तराची वाट बघत होते. उन्हं अजून गेली नव्हती, पोरं कठड्यावर शेंगा खात होती, आणि मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले. तेवढ्यात एका नावावर माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "हजर, सर."

माझ्या हातातली पिशवी खरंच पडली. मागे मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवणारा एकजण उभा होता, तिशीचा, खाकी शर्ट. सरांचा जुना विद्यार्थी. गाडी लावून रोज पाच मिनिटं तो तिथे येऊन उभा राहायचा म्हणे, आपलं नाव येईपर्यंत. सरांनी वळून पाहिलंही नाही, पुढचं नाव घेतलं. टोमॅटो गोळा करून देताना तो मला म्हणाला, "शाळेत नाव घ्यायचा राहिला व्हता ना सरांचा, तो इथं पुरा करतात. आपन आपला यायचा." मग गाडीकडे गेला.

प्रणाली उमरठच्याही वरच्या एका वाडीतली. बाप शेतकरी, भात आणि नाचणी, मोठा भाऊ मुंबईला. आठवीला ती महाडात आत्याकडे राहून आमच्या शाळेत आली. गणितात अशी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. उदाहरण फळ्यावर पुरतं उतरायच्या आत तिचं उत्तर वहीत असायचं, आणि मग ती खिडकीबाहेर बघत बसायची, बाकीच्यांना लाज वाटू नये म्हणून. ती मला मनापासून आवडायची, आणि हे मी लपवलंही नाही.

पुढच्या वर्षी आत्याच्या मुलाचं लग्न होतं, एका खोलीत प्रणालीला जागा उरणार नव्हती. वाडीतून रोज एसटीने येणं शक्य नाही. म्हणजे मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर नववी, नाहीतर शाळा संपली. इतकं ते साधं होतं. वसतिगृहात आमच्या शाळेच्या वाट्याला सहा जागा यायच्या आणि त्यांची यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी मुली सात होत्या. प्रणालीचं नाव मी सगळ्यात आधी लिहिलं होतं.

शिमग्याच्या आधीचा आठवडा. मुलांचं लक्ष आधीच घरी लागलेलं. मी दुसऱ्या तासाला आठवी ब मध्ये गेले तर वर्ग चिडीचूप. प्रणाली आपल्या बाकावर एकटी. तिच्या शेजारची मुलगी दप्तर उचलून मागे जाऊन बसली होती. काय झालं म्हणून विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी मॉनिटर म्हणाली, "बाई, सरांनी हिचं नाव नाय घेतलं."

प्रणाली माझ्याकडे बघत होती. मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, पान चाळीस उघडा.

यादी त्या दिवशी दुपारी जायची होती. मी शिक्षकांच्या खोलीत बसून ती पुन्हा लिहिली आणि प्रणालीच्या जागी सातव्या मुलीचं नाव घातलं. तिचे वडील तीनदा येऊन गेले होते, मुलगी बरी होती, टिकणारी होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण मी स्वतःला सांगितलं, ही जाणारच आहे, मग जागा वाया का घालवा? या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझ्या समोरच टेबलावर आठवी ब चा कॅटलॉग पडला होता. मी तो उघडला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि यादी फळ्यावर लागली. चौथ्या दिवशी प्रणालीचे वडील दाखला न्यायला आले. पावसात भिजलेले, टोपी पिळून हातात धरलेली. मी त्यांना बाकावर बसवलं आणि मुलीला काढू नका, हुशार आहे, काहीतरी सोय करा, असं बोलत राहिले. त्यांनी सगळं ऐकलं.

"बाई, मी तिला काढनार नव्हतो," ते म्हणाले. "आत्याकडं नाय तर नाय, वसतिगृह हाय असं पोरगीच बोलत व्हती. पन सरांनी नाव घेतलानी नाय. त्याचंबी मी मनावर घेतलं नसतं. मग वसतिगृहाच्या यादीतबी नाय. शाळाच दोन-दोनदा एकच सांगतेय, तर आमी आडान्यांनी काय समजायचं?"

ते दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेले.

माझा सगळा संताप सरांवर निघाला. सगळे शिक्षक बसलेले असताना मी त्यांना म्हटलं, तुम्ही त्या मुलीचं आयुष्य खाल्लंत. सर बशी घेऊन उभे होते. कुठल्या मुलीचं, असं त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "तिचं नाव मी रोज घेत होतो." मी म्हटलं, शिमग्याच्या आधी नाही घेतलंत, सगळा वर्ग साक्षीला आहे.

त्यांनी कपाटातून मागच्या वर्षाचा कॅटलॉग काढला आणि ते पान खिडकीशी नेलं. डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, मग माझ्या हातात दिलं. ज्या मुलांची नावं ते घेत नसत त्यांच्याही रकान्यात खूण असायची, हे मी वर सांगितलंच. त्या दिवशी प्रणालीचा रकाना रिकामा होता. तिची ओळ सोडून पेन सरळ खालच्या ओळीवर गेलं होतं. ते नाव सरांना दिसलंच नव्हतं.

"मोतीबिंदू आहे," सर म्हणाले. "दोन ओळी कधीकधी एक होतात. चुकलं असेल. पण मग ती वसतिगृहात का नाही?"

मी म्हटलं, "मी खोडलं. तुम्ही नाव घेतलं नाहीत म्हणून."

मग एकेकाला कंठ फुटला. ग्रंथपाल म्हणाले, नाव न आलेल्या मुलांना मी पुस्तक देत नसे, परत येणार नाही म्हणून. खेळाच्या सरांनी सांगितलं, मी अशांना कबड्डीच्या संघातून आधीच काढायचो, ऐन सामन्याला माणूस कमी पडू नये म्हणून. कुणी बाक मागे सरकवला होता, कुणी प्रयोगवही तपासायची थांबवली होती. आम्ही सगळी भली माणसं. गेल्या कितीतरी वर्षांत आमच्यातल्या एकानेही दुसऱ्याला हे सांगितलं नव्हतं. सापाचं तेवढं आमच्या माथी येत नव्हतं, बाकीची मुलं कुणामुळे गेली ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

सर त्या टिंबांच्या कागदापाशी गेले आणि खूप वेळ त्याच्या अगदी जवळ, नाक टेकेल इतक्या जवळ उभे राहिले. "मधे कोण असतं ते सापडलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी कागद खिळ्यावरून काढून, घडी घालून पिशवीत ठेवला. तो पुन्हा कुणी पाहिला नाही.

त्या रविवारी ते एसटीने उमरठच्या वरच्या वाडीत गेले. सोमवारी मी विचारलं. "मुलगी येणार नाही," ते म्हणाले. "सांगून आलो." काय सांगून आलात, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी वसतिगृहाकडेही गेले नाही. यादी बदलून मिळाली असती का, मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. मला एकच धास्ती होती, की सरांनी तिथे माझं नाव सांगितलं असेल. वर्षभर वाडीतलं कुणी शाळेत आलं की मी गणिताच्या वह्यांत डोकं घालून बसायची.

त्यानंतर सरांनी हजेरी घेणं सोडलं. डोळ्यांचं कारण देऊन ते काम मॉनिटरवर सोपवलं आणि स्वतः खिडकीत पाठमोरे उभे राहायचे. प्रत्येक नाव मोठ्याने आणि न चुकता यायचं. त्या वर्षीही आठवी ब मधून चार मुलं गेली. हे मी मुद्दाम मोजलं. पुढे ते निवृत्त झाले, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तीन वर्षांपूर्वी बहिणीच्या घरी वारले. अंत्ययात्रेला मिनीडोरची लांब रांग होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पोलादपूरच्या स्टँडवर एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात डबा. "बाई, ओळखलंत?" मी ओळखलं. प्रणाली महाडच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे, मधे मुंबईला भावाकडे होती, आता सासर पोलादपुरात. तिथे केमिस्ट म्हणून जी मुलगी आहे ती आपल्याच शाळेची, अ तुकडीतली, असं तिने आपणहून सांगितलं. त्यात कडवटपणा नव्हता. तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी तिला कुठल्यातरी बिस्किटांचा पुडा देऊ केला, तिने घेतला.

मग म्हणाली, "बाई, एक विचारू? तेवा ती वसतिगृहाची यादी कोणी केली व्हती?"

सांगायला काहीच हरकत नव्हती. इतकी वर्षं झाली होती. ती शांत होती, मी म्हातारी झाले होते, स्टँडवर आमच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"सरांनी," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "सर आले व्हते आमच्या घरी, त्या पावसात. ओटीवर बसले. बाबांना बोलले, यादी मीच केली, चूक माझी हाय, बाईंना काय बोलू नका."

तिची कंपनीची गाडी समोर येऊन थांबली. तिने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"जाताना मला एकटीला पान्याच्या हौदाकडं बोलावलं. बोलले, बाई तुला कधीतरी भेटतील. तू विचारशील. त्या माझं नाव सांगतील. सांगू दे."

ती रागावली नव्हती. हसतही नव्हती.

"म्हनून विचारलं," प्रणाली म्हणाली, आणि गाडीत चढली.